नगरसेवकाच्या हातात नक्की आहे काय? महापालिका नाशिकमधून चालते की मुंबईतून?

पाथर्डीवाली

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून गेली सहा वर्षं मी एका नाल्यापायी पत्रं लिहितेय. पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी येतं. पहिल्या कार्यालयात गेलं की म्हणतात नाला आमचा पण जागा अजून ताब्यात नाही, दुसरीकडे गेलं की रस्ता आमच्याकडे हस्तांतरित झाला नाही, तिसरीकडे म्हणतात हे धोरणात्मक आहे वरून आलं पाहिजे. "वरून" म्हणजे कुठून हे विचारलं की गप्प. त्यात मार्च २०२२ नंतर नगरसेवकच नव्हते, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो माणूसच नाही.

जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं, नवीन नगरसेवक सत्काराला सोसायटीत आले. मी नारळ देता देता नाल्याचं विचारलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, मी पत्र देतो, सभेत बोलतो, पाठपुरावा करतो. पण सही आयुक्तांची, आणि आयुक्त सरकारचे." मला राग नाही आला, वाईट वाटलं. मग आपण बोटाला शाई लावून नक्की काय निवडलं?

म्हणून आठवडाभर राज्यघटना घेऊन बसले. ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू. त्यात बारावी अनुसूची आहे, १८ विषय, नगररचना, पाणी, रस्ते, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, अगदी स्मशानभूमीपर्यंत. वाटलं हे सगळं महापालिकेचं. मग अनुच्छेद २४३ डब्ल्यू परत परत वाचला तर त्यात म्हटलंय की विधानमंडळ कायदा करून हे अधिकार देऊ शकेल. "देईल" नाही, "देऊ शकेल". माझी सगळी पत्रं त्या एका "शकेल" मध्ये अडकलीत असं मला वाटतंय. मी चुकीचं वाचतेय का? जाणकारांनी सांगा.

डॉकेटवाला

ताई बरोबर वाचलंत. मी महापालिकांच्या कामकाजात आयुष्य काढलंय, महासभेचे डॉकेट, म्हणजे सभेपुढच्या विषयांचे कागद, बनवायचं काम होतं, आता रिटायर आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत पाचवी नोंद बघा, स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याचा विषय. म्हणजे महापालिका जन्माला घालायची, हद्द ठरवायची, कोणता कर लावायचा, कोण अधिकारी नेमायचा हे सगळं विधानमंडळाच्या कायद्यातून येतं. ७४ व्या दुरुस्तीने मोठं काम केलं ते एवढंच की ही संस्था असलीच पाहिजे, पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिला आणि मागासांना आरक्षण, राज्य वित्त आयोग. जीव दिला. हातपाय किती द्यायचे ते राज्यावर सोडलं.

आपला कायदा १९४९ चा, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याचा साचा त्याहून जुना, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातला. इंग्रजांना शहरातल्या लोकांनी चर्चा करावी, कर भरावा हे चालत होतं, पण तिजोरीची किल्ली आपल्या माणसाकडे हवी होती म्हणून आयुक्त. ती मांडणी अजून तशीच आहे. कलम ६७, कार्यकारी अधिकार आयुक्ताचा. कलम ३६, आयुक्त नेमणार राज्य सरकार. आणि कलम ४५१ फार महत्त्वाचं आहे, महासभेने केलेला ठराव कायद्याविरुद्ध किंवा हिताविरुद्ध वाटला तर सरकार तो निलंबित करतं आणि मग विखंडित, म्हणजे कायमचा रद्द, करतं. विखंडित हा शब्द आमच्या दप्तरात इतका येई की नवीन शिपायालासुद्धा अर्थ माहीत असे.

अजून एक हिशोब सांगतो जो लोकांच्या लक्षात येत नाही. नाशिक महापालिका झाली नोव्हेंबर १९८२ ला. पहिली निवडणूक १९९२ ला. तोवर प्रशासकच. आणि परत मार्च २०२२ ते जानेवारी २०२६. दोन्ही मिळून तेरा वर्षं होतात. ४३ वर्षांच्या महापालिकेत तेरा वर्षं लोकांनी निवडलेलं सभागृहच नाही.

सातपूर_कामगार

काका तुमचा मान राखून बोलतो, पण मला उलटा अनुभव आहे. प्रशासक असताना कामाला कुणी टक्का मागितला नाही निदान आमच्या गल्लीत तरी, गटार फोडलं की बुजवत होते. नगरसेवक आले की बोर्ड आधी लागतो काम नंतर. मग असल्यांना अजून पावर द्यायची का? आयएएस माणूस शिकलेला असतो, त्याला पुढच्या निवडणुकीचं टेन्शन नसतं. मी मनापासून विचारतोय, भांडायला नाही.

डॉकेटवाला

भाऊ प्रश्न रास्त आहे आणि मी नगरसेवकांची बाजू घ्यायला बसलेलो नाही, मी त्यांचे पण सगळे प्रकार बघितलेत.

पण प्रशासक काळात काय होतं बघा. आयुक्त म्हणून एक माणूस प्रस्ताव तयार करतो. मग तोच माणूस प्रशासक म्हणून स्थायी समिती आणि तोच महासभा. मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. माणूस कितीही चांगला असो, समोर "हे का?" विचारणारं कुणी नाही. सभागृहात विरोधी बाकावरचा एखादा नगरसेवक रात्रभर डॉकेट वाचून यायचा आणि चाळीस पानी टेंडरातली एक ओळ पकडायचा. ती ओळ पकडणारा माणूस चार वर्षं नव्हता. आणि अधिकारी बदलून जातो हो. दोन अडीच वर्षांत. नाला तिथंच राहतो.

२०१८ चं आठवतंय का? तेव्हा तुकाराम मुंढे आयुक्त होते. घरपट्टीवरून सगळं शहर तापलं. वाद फार बारीक होता, कराचा दर ठरवणं महासभेचा हक्क, पण करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर तो दर लागतो ती, ठरवणं आयुक्ताचा अधिकार. दर तोच ठेवून मूल्य वाढवलं तरी बिल वाढतंच. सभागृह म्हणे आमच्या अधिकारावर गदा, आयुक्त म्हणत कायद्याने मला दिलंय. दोघंही कायद्यातलंच बोलत होते. ऑगस्टमध्ये अविश्वास ठराव आला. त्याला एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतं लागतात, १२२ च्या सभागृहात ७७. सत्ताधाऱ्यांकडेच ६६ होते. पण मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून ठराव मतदानाआधीच मागे घेतला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली. तुम्ही आयुक्तांच्या बाजूचे असा नाहीतर सभागृहाच्या, दोन्ही वेळेला शेवटचा निर्णय मुंबईत झाला. नाशिकचा कर, नाशिकचे नगरसेवक, नाशिकचे आयुक्त, आणि निकाल मुंबईत. माझा जीव तिथे तुटतो.

कोर्टरोड

वकिली करतो, थोडी भर घालतो.

चार वर्षं निवडणूक का नाही हा प्रश्न इथे अर्धवट राहिला. अनुच्छेद २४३ यू सरळ सांगतो की मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर खटल्यात हे ठणकावून सांगितलंय. तरी राज्यभर हे झालं. एक कारण ओबीसी आरक्षण, मार्च २०२१ चा विकास गवळी निकाल, तिहेरी कसोटी (आयोग नेमा, माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा), मग बांठिया आयोग, मग कोर्टाचा जैसे थे आदेश. शेवटी ६ मे २०२५ ला कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला तेव्हा गाडं हललं. ओबीसींना जागा मिळाल्याच पाहिजेत याबद्दल माझं दुमत नाही, पण त्यासाठी लागणारी माहिती गोळा करायची जबाबदारी राज्याची होती आणि तिच्या उशिराची किंमत महापालिकेने मोजली.

दुसरं कारण कमी लोक बोलतात, प्रभाग. नाशिकमध्ये २०१२ ला दोनचा प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून दोन नगरसेवक. २०१७ ला चारचा. नंतर आलेल्या सरकारने आधी एकचा केला, मग २०२१ ला तीनचा केला, आणि सदस्यसंख्या १२२ वरून १३३ करायची ठरवली. २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. त्याच वर्षी सरकार बदललं, परत चारचा प्रभाग, परत १२२. यात कुठल्या एका पक्षाला दोष देत नाही कारण जो मंत्रालयात बसला त्याने आपल्याला सोयीचा आकडा निवडला. पण एका शहराच्या मतदाराला आपला नगरसेवक एक आहे का चार हेच जर दर पाच वर्षांनी बदलणार असेल तर जबाबदार कुणाला धरायचं? पाथर्डीवाली ताई, तुमचे नगरसेवक चार आहेत ना? नाल्याचं चौघांना विचारलंत का?

पाथर्डीवाली

चौघांना नाही विचारलं, खरंय. सत्काराला एकच आले होते. बाकीच्या तिघांची नावं मला मतदानाच्या दिवशी माहिती होती, आता एकच आठवतंय.

कादवाकाठ

शहरवाल्यांचं ऐकतोय मघापासून, आमचं पण ऐका. दिंडोरी तालुक्यातला आहे, घरात सरपंचपद होऊन गेलंय, पंचायत समितीत पण आमचं माणूस होतं.

आमच्याकडं तर तीन मजले. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा चालू झाल्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवर, तेव्हा महाराष्ट्राचं नाव होतं देशात. शाळा दवाखाने पाझर तलाव लघु पाटबंधारे सगळं जिल्हा परिषदेकडं, झेडपीचा अध्यक्ष म्हणजे आमदाराला भारी. जुनी लोकं अजून सांगत्यात. आता एकेक खातं सरकत सरकत गेलं. अन् पैसा पण. चौदाव्या वित्त आयोगानं सगळे पैसे थेट ग्रामपंचायतीला दिले, पंचायत समितीचा सभापती पाच वर्षं गाडी घेऊन फिरला पण त्याच्या हातात काय नव्हतं. पंधराव्यात ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० झेडपी असं झालं. त्यातला पण साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी अन् स्वच्छता सोडून खर्चायचा नाही. गावाला पाणी भरपूर असंल अन् रस्त्याची अडचण असंल तरी रस्त्याला त्यातनं मिळत नव्हतं.

सरपंचाचं तर विचारूच नका. २०१७ ला थेट जनतेतून. २०२० ला परत सदस्यांतून. २०२२ ला परत थेट. थेटचा सरपंच एका गटाचा अन् सदस्य दुसऱ्या गटाचे, मासिक सभेला कोरम होत नाही, ग्रामसेवकाची फरफट. पद्धत कुठलीबी ठेवा पण एक ठेवा राव. गावाला कुणी विचारलंय का तुम्हाला कसा पाहिजे म्हणून? कायदा विधानसभेत, भांडण आमच्या पारावर.

अन् झेडपीची मुदत पण मार्च २०२२ लाच संपली बरका, ते शहरात कुणाच्या गावी नव्हतं. शिवाय जिल्हा नियोजन समिती, घटनेत लिहिलंय चार पंचमांश सदस्य आपण निवडलेल्यांतून पाहिजेत. निवडलेलेच नव्हते तर ती समिती कुणाची होती? अध्यक्ष कायद्यानंच पालकमंत्री.

सुरगाणा_गुरुजी

कादवाकाठ दादांनी गावाचं सांगितलं म्हणून लिहायचं धाडस करतो, नेहमी फक्त वाचतो.

आमच्या भागाला पेसा लागू आहे, आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा १९९६ चा कायदा. त्यात ग्रामसभा सर्वात वर. गौण वनोपज, पाणी, जमीन, दारूचं दुकान, बाजार, सगळ्यावर ग्रामसभेचा शब्द. पण महाराष्ट्राचे नियम आले २०१४ ला, म्हणजे अठरा वर्षांनी. का, तर इथेही राज्याने कायदे आणि नियम जुळवून घ्यायचे होते. केंद्राने दिलं आणि राज्याच्या टेबलावर अठरा वर्षं.

पण एक चांगलं पण सांगतो, सगळं रडगाणं नको. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतीला येतो. कुणाच्या शिफारशीचं पत्र लागत नाही. पाड्यावरच्या बाया ग्रामसभेत बसून ठरवतात की यंदा विहिरीला कठडा का अंगणवाडीला शेड. मी स्वतः इतिवृत्त लिहिलंय अशा सभेचं. एका आजीने मला तीन वेळा वाचून दाखवायला लावलं की ती बोलली तेच लिहिलंय ना. रक्कम छोटी असते पण त्या आजीला ती तिची वाटते.

डिसेंबर २०२२ ला आमच्या सीमेवरच्या काही गावांनी गुजरातमध्ये जायची मागणी केली तेव्हा टीव्हीवर फक्त भाषा आणि अस्मिता चालू होती. गावकरी रस्ता, पाणी, दवाखाना म्हणत होते.

अंबड_लेथ

पैशाचं मी सांगतो, छोटा कारखाना आहे.

पूर्वी जकात होती. आम्ही शिव्या देत होतो, नाक्यावर ट्रक उभा, वेळ जातो, हे खरंच. पण जकात महापालिकेची स्वतःची होती, रोज संध्याकाळी पैसा तिजोरीत. मे २०१३ ला जकात गेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, त्याला पण आमचा विरोध होता, मोर्चे काढले. ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला तो पण माफ. मग जुलै २०१७ ला जीएसटी. आता राज्य भरपाई देतं दर महिन्याला, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून, त्याचा वेगळा कायदा आहे २०१७ चा. पैसे येतात, नाही असं नाही.

पण फरक बघा ना. व्यापारी म्हणून मी जकात गेल्यावर पेढे वाटले होते. आज नागरिक म्हणून विचार करतो तर शहरात धंदा दुप्पट झाला काय किंवा निम्मा झाला काय महापालिकेला तेच ठरलेले ८ टक्के. शहराने उद्योग वाढवायला का धडपडावं? आणि ज्याचं उत्पन्न मुंबईहून येतं तो मान वर करून कसा बोलणार? स्वतःचं म्हणावं असं उरलं मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकास शुल्क. घरपट्टीला हात लावला की काय होतं ते काकांनी वर सांगितलंच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतची घरपट्टी २०२२ ला माफ केली ती पण राज्याने. कर पालिकेचा, माफी राज्याची.

कॉलेजरोड_ते_ऑस्टिन

नाशिकची, आता टेक्सासला. वाचून गंमत नाही वाटली, धक्का बसला, कारण इथे हेच चाललंय.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शहर हा शब्दच नाही. १८६८ ला आयोवात डिलन नावाच्या न्यायाधीशाने निकाल दिला की शहर हे राज्याने घडवलेलं, राज्याने स्पष्ट दिले तेवढेच अधिकार. त्याला डिलनचा नियम म्हणतात. त्यावर उत्तर म्हणून काही राज्यांनी शहरांना स्वतःची सनद लिहायचा अधिकार दिला, पहिलं मिसूरी, १८७५. टेक्सासमध्ये मोठ्या शहरांना तो आहे. तरी २०२३ ला इथल्या विधिमंडळाने कायदा केला की कामगार, शेती, व्यवसाय अशा बऱ्याच क्षेत्रांत राज्याच्या कायद्यापेक्षा वेगळा नियम शहराने करायचा नाही. ऑस्टिनचा नियम होता की बांधकाम मजुराला दर चार तासांना दहा मिनिटं पाणी प्यायला सुट्टी. ४० डिग्रीत! तोही या कायद्याच्या कचाट्यात आला. ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ कोर्टात गेली.

मला वाटतं आपल्याकडे एक गोष्ट बरी आहे, निदान घटनेत भाग ९-अ आहे, नाव आहे, मुदत आहे. आणि इथे एक बरं आहे, ऑस्टिनमध्ये शहराचा मॅनेजर लोकांनी निवडलेलं कौन्सिल नेमतं, काढायचा तर तेच काढतं. गव्हर्नर पाठवत नाही.

गोदाघाट_पंचवटी

ताई शेवटचं वाक्य फार लागलं.

आमच्या इथलं सांगतो. एकाच शहरात किती सरकारं मोजा. महापालिका. आजूबाजूला एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. उद्योगाला एमआयडीसी. स्मार्ट सिटीची वेगळी कंपनी. देवळालीला कँटोन्मेंट, ते तर केंद्राच्या कायद्याखाली. गंगापूर धरण जलसंपदाचं, पिण्याचं पाणी महापालिकेचं, आणि जायकवाडीला किती सोडायचं ते ठरतं मेंढेगिरी समितीच्या सूत्रावर आणि राज्याच्या जलसंपत्ती प्राधिकरणाच्या आदेशावर. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी कुंभमेळा प्राधिकरण, अध्यक्ष विभागीय आयुक्त. कुंभाला एकत्र यंत्रणा लागते हे मला मान्य आहे, त्र्यंबक आणि नाशिक मिळून काम आहे, कोट्यवधी माणूस येणार, एकट्या महापालिकेचं ते काम नाही. पण साधू गेल्यावर घाट, गटार, रस्ते सांभाळायचे कुणी? महापालिकेनेच ना. मग ठरवताना तिचं सभागृह कुठे होतं?

तपोवनातल्या झाडांचं तसंच. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, १८०० च्या आसपास झाडांचा प्रश्न आला नोव्हेंबर २०२५ ला. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरण असतं, त्यात नगरसेवक बसतात. त्या वेळी नगरसेवकच नव्हते. मग लोक झाडाला मिठी मारून उभे राहिले. माझ्या आईचे गुडघे दुखतात ती पण गेली होती. मला वाटत राहिलं, सभागृह असतं तर आईला जावं लागलं नसतं, निदान आधी कुणीतरी आत भांडलं असतं.

सातपूर_कामगार

हे पटलं. मी वर म्हटलेलं अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण नगरसेवकावर आपला वचक पण पाहिजे. त्याला पावर दिली आणि वचक नसला तर? कायद्यात काही आहे का त्यासाठी?

कोर्टरोड

आहे. २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ग्रामसभेसारखी, मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार तिचे सदस्य. शहरात कुणाला नावही माहीत नाही. आणि प्रभाग समित्या आहेत, आपल्याकडे सहा विभाग, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, नवीन नाशिक.

केरळचं पण बघा. १९९६ ला लोकयोजना म्हणून राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, आणि नुसता पैसा नाही, शाळा-दवाखान्यातले कर्मचारी पण त्यांच्याकडे वर्ग केले. घटना तीच, "शकेल" तोच. तिथल्या विधिमंडळाने द्यायचं ठरवलं. म्हणजे घटना बदलायची गरज नाही, आमदारांनी १९४९ च्या कायद्यात दुरुस्ती केली तरी पुरे. आमदार मत मागायला येतात तेव्हा आपण त्यांना गटार विचारतो आणि नगरसेवकाला धोरण. उलटं पाहिजे. आमदाराला विचारा कलम ६७ आणि ४५१ चं काय करणार.

कादवाकाठ

आमदार स्वतःचे अधिकार कमी करणारा कायदा करील? मनापासून वाटत नाही साहेब. आमदार निधीतनं सभामंडप अन् पेव्हर ब्लॉक बसवायचा मान त्याला सुटंना. पण विचारायला काय जातंय. आमच्या गणात तर विचारणारच.

पाथर्डीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एक विचारायचं होतं, आमच्या नाल्याच्या जागेबद्दल जुन्या महासभेत काही ठराव झाला होता का आणि तो विखंडित झाला का हे कुठे बघायला मिळेल?

डॉकेटवाला

नगरसचिव विभागात इतिवृत्त असतं. ठराव क्रमांक माहीत नसेल तर सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्ष सांगा, माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावा. आणि विकास आराखड्यात तो रस्ता कोणत्या मीटरचा दाखवलाय ते नगररचना विभागातून भाग नकाशा घेऊन तपासा, म्हणजे कुणी "जागा ताब्यात नाही" म्हटलं तर कागद समोर ठेवता येईल. एकट्या जाऊ नका, मी येतो. सोमवारी साडेअकराला राजीव गांधी भवनच्या गेटपाशी.

सातपूर_कामगार

सेकंड शिफ्ट आहे सोमवारी, म्हणजे सकाळी मोकळा. मी पण येतो काका. ताई बाकीच्या तिघा नगरसेवकांचे नंबर पण काढून ठेवा.